मँगनीज अणूची संरचना

मँगनीज अणूची संरचना म्हणजे मँगनीज या मूलद्रव्याच्या एका अणूतील प्रोटॉन, न्यूट्रॉन व इलेक्ट्रॉन या कणांची संख्या आणि त्यांची मांडणी होय. निसर्गात सापडणाऱ्या मँगनीजच्या प्रत्येक अणूत २५ प्रोटॉन, ३० न्यूट्रॉन आणि उदासीन अवस्थेत २५ इलेक्ट्रॉन असतात. प्रोटॉन व न्यूट्रॉन अणूच्या केंद्रकात एकवटलेले असतात. इलेक्ट्रॉन केंद्रकाबाहेरील भागात असतात. आवर्तसारणीत मँगनीज चौथ्या आवर्तात आणि सातव्या गणात येते.

अणुसंरचनेची ओळख करून देताना शालेय पुस्तके बहुधा हायड्रोजन, कार्बन, सोडियम अशी उदाहरणे घेतात, कारण ती सोपी आहेत. मँगनीज तितके सोपे नाही. आठ इलेक्ट्रॉनांचा पाठ केलेला नियम येथे अपुरा पडतो आणि त्यामागचे कारण शोधावे लागते. शिवाय महाराष्ट्राच्या पूर्व विदर्भात हे मूलद्रव्य परके नाही. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यात, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी असून त्या मॉयल ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी चालवते. डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण असून तेथील मँगनीज डायऑक्साइडचे खनिज कोरड्या विद्युतघटांसाठी वापरले जाते. या पट्ट्यातील मँगनीजयुक्त खडकाच्या एका प्रकाराला भूवैज्ञानिक लुईस फर्मर यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील लाखांदूर तालुका मात्र वैनगंगा व चुलबंद नद्यांच्या काठचा, धानाचा प्रदेश आहे. तेथे मँगनीज दिसते ते वेगळ्या रूपात. त्याचा विचार लेखाच्या शेवटी केला आहे.

अणू, परमाणू आणि रेणू

मराठीत मूलद्रव्याच्या रासायनिक दृष्ट्या अविभाज्य कणाला ‘अणू’ आणि दोन किंवा अधिक अणू जोडून बनलेल्या कणाला ‘रेणू’ म्हणतात. हिंदीत यापैकी पहिल्या कणाला ‘परमाणु’ आणि दुसऱ्याला ‘अणु’ म्हणतात. म्हणजे एकच शब्द दोन शेजारी भाषांत दोन निरनिराळ्या वस्तूंसाठी रूढ आहे. मुंबईतील तुर्भे येथील संस्थेचे हिंदी नाव ‘भाभा परमाणु अनुसंधान केंद्र’ आहे आणि मराठीत तिला ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’ म्हणतात; दोन्ही नावांचा अर्थ एकच.

हा भेद किरकोळ नाही. भंडारा, गोंदिया, नागपूर या जिल्ह्यांत मराठी माध्यमाचा विद्यार्थी हिंदी पुस्तके आणि हिंदी व्याख्यानेही सर्रास वापरतो. ‘पानी का एक अणु’ हे हिंदीत बरोबर आहे. ‘पाण्याचा एक अणू’ हे मराठीत चूक आहे, कारण पाणी हे संयुग असून त्याचा रेणू असतो. अशी चूक परीक्षेतील एका गुणापुरती राहत नाही. पुढे मोल, संयुजा, रासायनिक समीकरणे यांत किती अणू आणि किती रेणू हेच मोजायचे असते, आणि तेथे शब्द घसरला की हिशेबही घसरतो. जुन्या मराठी ग्रंथांत अणूसाठी ‘परमाणू’ हा शब्द आढळतो, हेही वाचताना ध्यानात ठेवावे.

‘परमाणू’ ही संज्ञा वैशेषिक दर्शनातून आली. कणादांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दर्शनात परमाणू नित्य व अविभाज्य मानले असून दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक होते असे सांगितले आहे. हा तर्काने मांडलेला विचार आहे. त्याचे मोल त्याच्या जागी मोठे आहे, पण वजने करून अणूंचे प्रमाण ठरवणाऱ्या आधुनिक सिद्धांताशी त्याची बरोबरी करणे दोघांवरही अन्याय करणारे ठरते.

केंद्रकाचा शोध

जॉन डाल्टन यांनी १९ व्या शतकाच्या आरंभी मांडलेला अणू भरीव व अभेद्य होता. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधल्यावर अणूला अंतर्भाग आहे हे स्पष्ट झाले. थॉमसन यांच्या कल्पनेत धनप्रभार अणूभर पसरलेला होता आणि त्यात इलेक्ट्रॉन रोवलेले होते. कलिंगडाचा गर आणि त्यातील बिया हे चित्र आपल्याकडे त्यासाठी वापरतात.

१९०९ मध्ये हान्स गायगर व अर्नेस्ट मार्सडेन यांनी अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण सरळ आरपार गेले, परंतु हजारो कणांमागे एखादा उलट दिशेने परतला. पसरलेला, विरळ धनप्रभार वेगवान व जड अल्फा कणाला परत फिरवू शकत नाही. त्यासाठी सारा धनप्रभार आणि जवळजवळ सारे वस्तुमान एका लहानशा जागी असावे लागते. १९११ मध्ये रदरफोर्ड यांनी हाच निष्कर्ष मांडला. केंद्रकातील प्रोटॉनला हे नाव १९२० च्या सुमारास मिळाले आणि १९३२ मध्ये जेम्स चॅडविक यांनी प्रभाररहित न्यूट्रॉन शोधला.

प्रोटॉनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट असते. न्यूट्रॉन त्याहून किंचित जड असतो. त्यामुळे मँगनीजच्या अणूत इलेक्ट्रॉन संख्येने २५ असले तरी एकूण वस्तुमानात त्यांचा वाटा एक टक्क्याच्या पन्नासाव्या हिश्श्याहून थोडा अधिक, इतकाच भरतो.

आकारमान

मँगनीज अणूचा व्यास एका मीटरच्या एक अब्जांश भागाच्या सुमारे पाव भागाहून थोडा अधिक असतो. त्याच्या केंद्रकाचा व्यास यापेक्षा सुमारे ३० हजार पटींनी लहान असतो. धानाचा दोन मिलिमीटर जाडीचा एक दाणा म्हणजे केंद्रक मानले, तर अणू सुमारे ६० मीटर व्यासाचा होईल. बांधीच्या मधोमध एक दाणा ठेवावा आणि आसपासच्या बांध्या मिळून सारा अणू समजावा, असे हे प्रमाण आहे. हायड्रोजनसाठी तोच दाणा घेतला तर व्यास सव्वाशे मीटरच्या आसपास जातो, कारण त्याचे केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन असतो. पुस्तकांतून सर्वत्र दिसणारे ‘एक लाख पट’ हे प्रमाण ढोबळ आहे. ते प्रत्येक मूलद्रव्याला तंतोतंत लागू होत नाही.

मधली जागा ‘रिकामी’ असते असे म्हणण्याचा प्रघात आहे. तेथे दुसरे भरीव कण नसतात, या अर्थाने ते खरे आहे. मात्र इलेक्ट्रॉन ही दूरवर फिरणारी गोटी नसून त्या साऱ्या जागेत त्याच्या आढळण्याची शक्यता पसरलेली असते, हे पुढे येईल.

५५ ग्रॅम मँगनीजमध्ये सुमारे एक मोल अणू असतात. ही संख्या म्हणजे ६०२२ या अंकापुढे २० शून्ये.

अणुअंक आणि पितळेचा पुरावा

मूलद्रव्य कोणते, हे फक्त प्रोटॉनांची संख्या ठरवते. या संख्येला अणुअंक म्हणतात. प्रोटॉन २५ असतील तर तो अणू मँगनीजचाच. न्यूट्रॉन कमीअधिक असोत, इलेक्ट्रॉन गेलेले असोत वा आलेले. हे विधान आज व्याख्येसारखे शिकवले जाते, पण ते प्रयोगातून सिद्ध झालेले आहे, आणि त्या प्रयोगात भंडाऱ्याच्या वाचकाला ओळखीची वाटेल अशी एक वस्तू होती.

१९१३ पर्यंत मूलद्रव्याचा अणुअंक म्हणजे सारणीतील केवळ अनुक्रम होता. मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावत आणि गुणधर्म जुळत नसतील तेथे क्रम बदलत. कोबाल्टचे अणुवस्तुमान निकेलपेक्षा किंचित अधिक असूनही कोबाल्टला आधी बसवावे लागे, आणि त्याचे समाधानकारक कारण कोणाकडे नव्हते. हेन्री मोजले या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने कॅल्शियमपासून पुढच्या धातूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी मोजली. प्रत्येक मूलद्रव्याच्या छायाचित्रात दोन ठळक रेषा आल्या, आणि एकाखाली एक छायाचित्रे मांडताच त्या रेषा जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे सरकत गेल्या. क्रोमियम, मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे: दर पायरीला सारखीच सरक. रेषेच्या वारंवारतेचे वर्गमूळ दर मूलद्रव्यागणिक समान अंतराने वाढत होते. अणुवस्तुमानाशी अशी जुळणी होत नव्हती. केंद्रकावरील धनप्रभाराशी मात्र ती चोख होत होती. कोबाल्ट २७ आणि निकेल २८ हा क्रम त्यामुळे आपोआप योग्य ठरला.

या मालिकेतील शेवटच्या पायरीसाठी मोजले यांनी शुद्ध जस्ताऐवजी पितळ वापरले. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रधातू असल्याने त्या पट्टीवर तांब्याच्या रेषा आणि त्यांच्या शेजारी जस्ताच्या रेषा अशा चार रेषा उमटल्या. तांब्यात २९ आणि जस्तात ३० प्रोटॉन असतात. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या भांड्यांत हे दोन धातू एकजीव दिसतात, डोळ्यांना तर एकच पिवळा रंग दिसतो. क्ष-किरणांना मात्र एका प्रोटॉनचा फरक स्वच्छ कळतो. मोजले १९१५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या महायुद्धात गॅलिपोली येथे मारले गेले. तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

वस्तुमानांक आणि समस्थानिके

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या संख्यांची बेरीज म्हणजे अणुवस्तुमानांक. मँगनीजसाठी ती २५ अधिक ३०, म्हणजे ५५. प्रोटॉनांची संख्या तीच पण न्यूट्रॉनांची निराळी असलेल्या अणूंना समस्थानिके म्हणतात. मँगनीजचे स्थिर समस्थानिक एकच आहे, हेच मँगनीज-५५.

इतर समस्थानिके किरणोत्सारी असतात. मँगनीज-५४ चा अर्धायुकाल सुमारे ३१२ दिवस आहे. त्याचे केंद्रक अणूतीलच एक इलेक्ट्रॉन ओढून घेते, एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि अणू क्रोमियमचा बनतो. मँगनीज-५६ मध्ये याउलट घडते: न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि मागे लोह-५६ उरते. याचा अर्धायुकाल सुमारे अडीच तासांचा आहे. प्रोटॉनांची संख्या बदलली की मूलद्रव्य बदलते, याची ही प्रत्यक्ष उदाहरणे होत. भट्टीत खनिज वितळवून किंवा आम्लात विरघळवून हे कधीही साधत नाही, कारण रासायनिक क्रिया केंद्रकापर्यंत पोहोचतच नाहीत.

मँगनीजचे अणुवस्तुमान ५५ नसून ५४.९३८ आहे. स्थिर समस्थानिक एकच असताना हा अपूर्णांक कोठून आला, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो आणि पडायलाच हवा. क्लोरीनच्या ३५.५ चे नेहमीचे उत्तर, म्हणजे समस्थानिकांची सरासरी, येथे चालत नाही. २५ प्रोटॉन, २५ इलेक्ट्रॉन व ३० न्यूट्रॉन सुटे सुटे तोलले तर बेरीज सुमारे ५५.४५६ येते. ते एकत्र येऊन अणू बनताना सुमारे एक टक्का वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडते. ही केंद्रकाची बंधनऊर्जा होय. अणुवस्तुमानाचे एकक कार्बन-१२ या अणूच्या बाराव्या भागावरून ठरवले आहे. त्यात कार्बनची स्वतःची बंधनऊर्जा आधीच वजा झालेली असते. म्हणून मँगनीजचा आकडा ५५ च्या इतका जवळ येतो, पण नेमका ५५ होत नाही.

इलेक्ट्रॉनांची मांडणी

१९१३ मध्ये नील्स बोर यांनी इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या कक्षांतच असू शकतात असे मांडले. हायड्रोजनच्या वर्णपटाचे त्यांचे गणित अचूक ठरले. अनेक इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंना मात्र ते पुरे पडले नाही. १९२० च्या दशकात उदयाला आलेल्या पुंजयांत्रिकीत कक्षेची जागा ‘कक्षक’ या संकल्पनेने घेतली. कक्षा म्हणजे आखीव मार्ग. कक्षक म्हणजे इलेक्ट्रॉन आढळण्याची शक्यता कोठे किती आहे याचे वर्णन. शब्द जवळचे असले तरी अर्थ एक नाही. सूर्यमालेसारखे चित्र शिकण्याच्या सोयीसाठी ठीक आहे; ते अणूचे छायाचित्र समजू नये.

केंद्रकापासून बाहेर जाताना कवचांना के, एल, एम, एन अशी नावे आहेत आणि त्यांत जास्तीत जास्त अनुक्रमे २, ८, १८ व ३२ इलेक्ट्रॉन मावतात. यावरून मँगनीजची २५ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १५ अशी यावी. बाह्यतम कवचात आठांहून अधिक इलेक्ट्रॉन राहत नाहीत, हा दुसरा नियम लावला तर २, ८, ८, ७ असे उत्तर येते. दोन्ही उत्तरे वह्यांतून आढळतात आणि दोन्ही चूक आहेत. प्रत्यक्ष मांडणी २, ८, १३, २ अशी आहे.

कारण असे की प्रत्येक कवचाला उपकवचे असतात. एस उपकवचात २, पी उपकवचात ६ आणि डी उपकवचात १० इलेक्ट्रॉन मावतात. तिसऱ्या कवचाचे डी उपकवच आणि चौथ्याचे एस उपकवच यांच्या ऊर्जा एकमेकींच्या फार जवळ असतात. चौथ्या एस कक्षकातील इलेक्ट्रॉन सरासरीने दूर असला तरी काही अंशी केंद्रकाच्या अगदी निकट आढळतो, त्यामुळे त्याला केंद्रकाचे आकर्षण अधिक जाणवते. पोटॅशियम आणि कॅल्शियम या अणूंत म्हणूनच तिसरे कवच आठांवर थांबते आणि पुढचे एक-दोन इलेक्ट्रॉन चौथ्यात जातात. स्कँडियमपासून पुढे तिसऱ्या कवचातील रिकामे डी उपकवच भरू लागते. मँगनीजपर्यंत पोहोचता तेथे पाच इलेक्ट्रॉन जमा झालेले असतात: तिसऱ्या कवचात आठ अधिक पाच म्हणजे १३, आणि चौथ्यात दोन.

डी उपकवचात पाच कक्षक असतात. पाच इलेक्ट्रॉन त्यांत जोड्या न करता एकेकटे राहतात, जणू पाच आसनांच्या बाकावर पाच जण. ही अर्धी भरलेली मांडणी विशेष स्थिर असते. शेजारच्या क्रोमियममध्ये तर ती साधण्यासाठी चौथ्या कवचातील एक इलेक्ट्रॉन तिसऱ्यात येतो आणि मांडणी २, ८, १३, १ अशी होते. मँगनीज व क्रोमियम यांच्यात एका इलेक्ट्रॉनाचा फरक आहे, तो कोठे आहे हे यावरून कळते.

इलेक्ट्रॉनांची देवघेव

मँगनीजचा अणू इलेक्ट्रॉन गमावतो तेव्हा प्रथम चौथ्या कवचातील दोन जातात. आधी भरले ते आधी रिकामे होते. इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर तिसऱ्या कवचाचे डी उपकवच ऊर्जेने स्पष्टपणे खाली असते, म्हणून असे होते. उरलेल्या २३ इलेक्ट्रॉनांच्या आयनाचे क्षार फिकट गुलाबी दिसतात. डी उपकवचातील इलेक्ट्रॉनही बंधनात भाग घेऊ शकतात, त्यामुळे मँगनीजची ऑक्सिडीकरण अवस्था अधिक २ पासून अधिक ७ पर्यंत जाते. ऑक्सिजनची अवस्था उणे २ धरली की हिशेब सोपा होतो: मँगनीज डायऑक्साइडमध्ये दोन ऑक्सिजनचे उणे ४, म्हणून मँगनीज अधिक ४, पोटॅशियम परमँगनेटमध्ये चार ऑक्सिजनचे उणे ८ आणि पोटॅशियमचा अधिक १, म्हणून मँगनीज अधिक ७. पहिला पदार्थ काळा आहे, तर दुसरा विहिरीच्या पाण्यात टाकतात तो जांभळा पदार्थ. अधिक ७ म्हणजे अणूने सात इलेक्ट्रॉन खरोखर टाकून दिले असे मात्र नव्हे. ते ऑक्सिजनशी वाटून घेतलेले असतात आणि हा आकडा हिशेबाचा आहे.

टॉर्चमधल्या साध्या सेलमध्ये हीच देवघेव वीज देते. सेलची जस्ताची डबी इलेक्ट्रॉन देते: जस्ताच्या अणूची मांडणी २, ८, १८, २ अशी असून त्यातील बाहेरचे दोन जातात. ते तारेतून, दिव्यातून फिरून कार्बनच्या कांडीवाटे मँगनीज डायऑक्साइडच्या काळ्या भुकटीत येतात आणि तेथे मँगनीज अधिक ४ वरून अधिक ३ वर येते. भुकटीतील मँगनीज असे खाली उतरत गेले किंवा जस्त संपत आले की सेल उतरतो. केंद्रकांना या सर्वांत काहीही होत नाही. जस्त ३० प्रोटॉनांचे आणि मँगनीज २५ चेच राहते.

धानाच्या बांधीतील मँगनीज

लाखांदूरसारख्या भागात पावसाळ्यात बांधीत पाणी साचते तेव्हा मातीतील हवा संपत जाते. जमिनीतील जिवाणूंना श्वसनासाठी इलेक्ट्रॉन कोणाला तरी द्यावे लागतात. ऑक्सिजन आणि त्यानंतर नायट्रेट संपले की पाळी मँगनीजची येते आणि पुढे लोहाची. मातीतील अधिक ४ अवस्थेचे अविद्राव्य मँगनीज इलेक्ट्रॉन घेऊन अधिक २ अवस्थेत येते. ते पाण्यात विरघळते आणि धानाच्या मुळांना मिळते. बांधी सुकून हवा आत शिरली की हीच क्रिया उलट होऊन मँगनीज पुन्हा ऑक्साइडच्या रूपात बसते. पाणी साचलेल्या आणि सुकलेल्या जमिनीत मँगनीजचे एकूण प्रमाण फारसे बदलत नाही. बदलतात ते त्याच्या बाहेरील भागातील दोन इलेक्ट्रॉन, आणि तेवढ्यावर पिकाला मिळणारा अंश ठरतो.

मुळांतून पानांत पोहोचलेले मँगनीज प्रकाशसंश्लेषणात वापरले जाते. हरितद्रव्याच्या यंत्रणेत चार मँगनीज व एक कॅल्शियम यांचे अणू ऑक्सिजनने जोडलेला एक लहान समूह असतो. सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेने या समूहातून एकेक करून चार इलेक्ट्रॉन काढले जातात. अनेक ऑक्सिडीकरण अवस्था घेऊ शकणारे मँगनीजचे अणू ही तूट साठवून ठेवतात, आणि चौथा इलेक्ट्रॉन गेला की पाण्याच्या दोन रेणूंकडून चारही इलेक्ट्रॉन परत मिळवतात. त्या दोन रेणूंचे विघटन होऊन ऑक्सिजनचा एक रेणू बाहेर पडतो. या समूहातील अणूंची नेमकी जागा जपानी संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्ष-किरण अभ्यासातून स्पष्ट झाली.